डावीकडून येणारं विमान

"बादली उजव्या हाताला आहे," टिळेकर सर म्हणाले. "एकदा हे डोक्यावर चढवलं की ती दिसणार नाही. आत्ताच हात लावून ठेव."

मी हात लावून पाहिलं. आंघोळीची निळी प्लॅस्टिकची बादली होती. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. विमान धावपट्टीवरून उठलं, मी ते हौसेनं डावीकडे कलतं केलं, खालचा समुद्र आडवा झाला आणि माझ्या पोटातले सकाळचे पोहे थेट त्या बादलीत गेले.

"छान," सर म्हणाले. "नेम चांगला आहे. तोंड धू आणि परत बस."

सर हवाई दलातून स्क्वाड्रन लीडर म्हणून निवृत्त झाले होते. साताऱ्यात शाहूपुरीतल्या त्यांच्या घराच्या गॅरेजात मोटार नव्हतीच. तिथे भंगारातून आणलेली मोटारीची एक सीट होती, सीटपुढे पायांमध्ये येणारा दांडा, डाव्या हाताला इंजिनाची ताकद कमीजास्त करायची मूठ, पायाखाली दोन पेडल आणि कॉम्प्युटरला तारेनं बांधलेला हेडसेट. तो डोळ्यांवर चढवला की गॅरेज नाहीसं व्हायचं आणि आपण लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलेले असायचो. वर पाहिलं तर काचेपलीकडे आभाळ, मागे वळलं तर आपल्याच विमानाची शेपटी. फक्त स्वतःचे हात दिसायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात मी कॉकपिटच्या कडेवर कोपर टेकायला गेले. कड त्या जगात होती आणि कोपर या जगात, त्यामुळे मी सीटवरून खाली पडले.

हा खेळ नव्हता. म्हणजे खेळच होता, पण सर त्याला खेळ म्हणू देत नसत. विमान नुसतं चालू करायलाच इतकी बटणं ठरावीक क्रमानं दाबावी लागत की मला आईच्या पुरणपोळीची आठवण व्हायची. एक पायरी चुकली की सगळं फुकट. उलटी होऊ नये म्हणून सरांनी तोंडावर पंखा लावायला सांगितला. आई आलेपाकाच्या वड्या द्यायची. दोन्हींचा उपयोग झाला असावा, कारण बादली हळूहळू कोरडी राहायला लागली.

मला लढाऊ वैमानिक व्हायचं होतं. दुसरं काहीच व्हायचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. लेखी परीक्षा मी पास झाले होते आणि मुलाखतीचं बोलावणं यायचं होतं. त्या निवडीत वैमानिकांसाठी मशीनवरची एक चाचणी असते. ती जन्मात एकदाच देता येते. नापास झालात तर हवाई दलात आणखी काहीही व्हा, वैमानिक नाही. म्हणून मी सरांकडे जात होते. सर फी घेत नसत, रविवारी बागेतलं गवत काढून घेत.

मला तिथे न्यायची आणि आणायची माझी थोरली बहीण, अनूताई. ती बालवाडीत शिकवायची. स्कूटी तिची, त्यामुळे वेळही तिचीच. दुपारी सोडायची आणि बाहेर पायरीवर बसून पोरांची चित्रं तपासत राहायची. सर तिला आत बोलवायचे. "तूही बसून बघ की."

"नको सर," ती म्हणायची. "ते डबडं घातलं की केस विस्कटतात. आणि घरात एक ओकणारी पुरे आहे."

उजेड असेपर्यंत आम्हाला घरी पोचायचं असायचं. अंधारात गाडी चालवायला ताईला आवडत नसे आणि मला मागे बसायलाही. आमच्या घरात दिवेही जरा लवकरच लागायचे. त्याचं कधी कुणाला काही वाटलं नाही. धांदरट मुलींच्या घरात दिवे लवकर लागलेले बरे, एवढंच. आम्ही दोघी धांदरट म्हणून सगळ्या गल्लीत प्रसिद्ध होतो. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, वाटेतला तांब्या लाथेनं उडवायचा, कुशीशी ठेवलेली ओढणी घरभर शोधायची. आई म्हणायची, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं."

पण गॅरेजात मी धांदरट नव्हते. तिसऱ्याच आठवड्यात सरांनी अण्णांना बोलावून घेतलं. अण्णा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तेव्हा एका साखर कारखान्याच्या फाटकावर सुरक्षा बघत होते. अधिकाऱ्यासमोर ते खुर्चीत नीट टेकतही नसत. ते अवघडून बसले आणि मी विमान उडवलं.

"हवालदारसाहेब, हिची मान बघा," सर म्हणाले. "बाकीची पोरं येतात आणि टीव्ही बघितल्यासारखी समोर बघत बसतात. शिकवून शिकवून माझा घसा बसतो. वर बघा, मागे बघा, शत्रू समोरून येत नसतो. ही पहिल्या दिवसापासून बघते. मान एक क्षण थांबत नाही. हे शिकवून येत नाही, जन्माला येतानाच घेऊन यावं लागतं."

"व्हय साहेब," अण्णा म्हणाले.

घरी येईपर्यंत ही बातमी किराणा दुकान, दळणाची गिरणी आणि मारुतीचं देऊळ असा फेरफटका मारून आमच्या आधी पोचली होती. आई म्हणाली, "मान फिरती हाय हे मला न्हाई का म्हाईत? एका जागी कधी बसलीय का ती?" पण त्या रात्री तिनं माझी दृष्ट काढली.

लढाई सुरू झाली तेव्हा ते सगळं बिघडलं. सर दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून दुसरं विमान उडवायचे आणि माझ्यावर चालून यायचे. समोरून आले तर मी त्यांना पाडायची. लांबचा मोहरीएवढा ठिपकाही मला त्यांच्या आधी दिसायचा. पण सर डावीकडून, थोडे वरून आले की मी संपायची. काहीतरी चमकायचं, कॉकपिट लाल व्हायचं आणि कानात सरांचा आवाज यायचा, "जगदाळे, मेलीस."

पुन्हा. "जगदाळे, मेलीस." पुन्हा.

"सर, तुम्ही ढगातून येता."

"ढग कुठे आहेत आज? स्वच्छ ऊन ठेवलंय तुझ्यासाठी."

"मी उजवीकडे बघत होते."

"बघणारच. मान एका वेळी एकीकडेच असणार. उरलेलं डोळ्याच्या कोपऱ्यानं टिपायचं. भाजी चिरताना दूध उतू जायला लागलं तर तुझी आई दुधाकडे टक लावून बसलेली असते का? कोपऱ्यातून दिसतं ना तिला?"

"माझ्यावर सोपवलेलं दूध रोज उतू जातं, सर."

सर हसले. मीही हसले. पण मग महिना तसाच गेला आणि हसण्यासारखं काही राहिलं नाही. माझ्यानंतर आलेली, मान न फिरवणारी पोरंसुद्धा डावीकडून आलेलं विमान ओळखायला शिकली. मी जास्त मान फिरवायला लागले. इतकी, की झोपताना आई मानेला तेल चोळून द्यायची. तरी मी मरत होते. मी आळशी आहे, माझं लक्ष नसतं, माझ्यात ते नाही, असं एकेक करून मी स्वतःला सगळं सांगून पाहिलं. मशीनवरच्या त्या चाचणीची स्वप्नं पडायला लागली.

ताईनं घरी सराव काढला. मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचं आणि तिनं बाजूनं मोज्यांचे गोळे फेकायचे. माझ्या कानावर बसायचे सगळे. मी चिडले. "फेकायला काय जातं तुझं? तू बस बघू." मग ती बसली, मी फेकले. तिलाही एक गोळा झेलता आला नाही आणि आम्ही दोघी हसून हसून लोळलो. आई दारात उभी राहून म्हणाली, "एकाच साच्यातल्या गं दोघी."

सरांनी शेवटी दोष हेडसेटला दिला. "या डबड्याचीच खोड आहे," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना काळं असतं, त्यात माणसाला काय कळणार? थांब, माझा मुलगा कॅनडाहून येतोय, त्याला नवा आणायला सांगितलाय. जास्त रुंद दिसतं म्हणे त्यात."

काळं असतं म्हणजे काय, ते मला कळलं नाही. कॉम्प्युटरची काही भानगड असेल असं वाटलं.

नवा हेडसेट आला त्या दिवशी सर लहान पोरासारखे झाले होते. त्यांनी आधी स्वतः तासभर उडवलं, मग मला बसवलं. मी उडवलं. खाली उतरवलं.

"काय?" सर म्हणाले. "फरक आहे की नाही?"

"आहे ना. चित्र स्वच्छ आहे."

"चित्र सोड. कडेचं बोल. जुन्यात पाणबुड्याचा चष्मा घातल्यासारखं वाटायचं ना? ती काळी चौकट गेली की नाही?"

"कुठली चौकट?"

सरांना वाटलं मी गंमत करतेय. "जुन्यात दिसते ती. दोन्ही बाजूंना."

"जुन्यात चौकट कुठे होती सर?"

त्यांनी जुना हेडसेट माझ्या डोक्यावर चढवला. "समोर बघ. डोळे हलवू नकोस. आता समोरचं चित्र जिथे संपतं तिथे काळं दिसतं की नाही?"

मी समोर पाहिलं. आभाळ होतं, समुद्र होता, कॉकपिटची काच होती. चित्र कुठे संपतच नव्हतं. घरात, रस्त्यावर, वर्गात जसं दिसतं तसंच दिसत होतं. "नाही सर," मी म्हणाले. "मला सगळं दिसतंय."

सरांनी हेडसेट काढून घेतला, स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ सरकले. "माझ्या नाकाकडे बघ," ते म्हणाले. शर्टाच्या बटणाइतकंही हसू त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. "फक्त नाकाकडे. मी दोन्ही हात बाजूला धरतो आणि बोटं हलवतो. हललेली दिसली की सांग."

मी त्यांच्या नाकाकडे बघत राहिले. नाकावर चष्म्याचे दोन लालसर वळ होते. बाहेर ताई कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मी वाट पाहिली. मग मला कंटाळा आला.

"सर, हलवा ना बोटं."

"हलवतोय," सर म्हणाले.

त्यांनी हात तसेच हलवत हलवत पुढे आणले. मला ते दिसले तेव्हा जवळजवळ त्यांच्या गालांपाशी आले होते. सरांनी हात मांडीवर ठेवले आणि बराच वेळ ते त्या हातांकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "मी तुझ्या मानेचं कौतुक करत होतो." आणि नंतर, "उद्या वडिलांना घेऊन ये."

पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मला एका पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसवलं. मधल्या खुणेकडे बघत राहायचं आणि कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मशीन टकटक आवाज करत होतं आणि मी ठिपक्याची वाट बघत होते. प्रत्येक टकटकीबरोबर एक ठिपका लागत होता, हे डॉक्टर बाईंनी नंतर सांगितलं.

डॉक्टर बाई शांतपणे बोलणाऱ्या होत्या. "मधली नजर उत्तम आहे, म्हणून कधी कुणाला कळलं नाही. कडेची गेली आहे. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. बाहेरून आत येत जातो."

"कधीपासनं?" अण्णांनी विचारलं.

"लहानपणापासून, हळूहळू. अंधारात कमी दिसत असेल तिला. वस्तूंना धडकत असेल."

आई रडायला लागली. अण्णा परेडवर असल्यासारखे ताठ बसले होते. "चष्मा लावून?"

"नाही."

"आपरेशन?"

"नाही."

"परदेशात?"

"सध्या नाही. दरवर्षी दाखवायला या."

मग मी विचारलं. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. "मला विमान उडवता येईल?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बाळ, संध्याकाळनंतर एकटी रस्ता ओलांडू नकोस," त्या म्हणाल्या.

तेवढ्यावर संपलं सगळं. आरडाओरडा नाही, काही नाही. मी खुर्चीत बसले होते आणि माझं आयुष्य त्या बाईंनी एका वाक्यात आवरून बाजूला ठेवलं होतं. पुढचं मला कुठून तरी लांबून ऐकू येत होतं. बाईंनी विचारलं, "तुमचं दोघांचं लग्न नात्यातलं का?"

"व्हय तर," अण्णा म्हणाले. एवढ्यातही त्यांच्या आवाजात जरासा अभिमान आला. "मामाचीच पोर केली. बाहेरची कशाला आणायची, घरातली असताना?"

बाईंनी मान हलवली. "घराण्यात कुणाची नजर गेलेली होती?"

"छे."

"तात्यांची," आई म्हणाली.

तात्या म्हणजे माझ्या आजीचे धाकटे भाऊ. अण्णांचे मामा आणि आईचे चुलते, दोन्हीकडून एकच. मी लहान असताना ते गेले. ओट्यावर बसून हातानं चाचपत शेंगा फोडायचे, एवढं आठवतं.

"त्यांस्नी देवी आल्या हुत्या," अण्णा म्हणाले. "देवीत डोळं गेलं त्यांचं."

"त्यांच्या तोंडावर एकसुदिक वण नव्हता," आई म्हणाली. "लोण्यासारखं तोंड हुतं. देवी आल्या असं समद्यांनी ठरवलं, पोरींची लग्नं व्हायची हुती म्हनून."

"गप बस," अण्णा म्हणाले. अण्णा आईला असं कधी बोलत नसत.

बाई म्हणाल्या, "आणखी मुलं असतील तर त्यांनाही आणा. प्रत्येक मुलाला चारात एक एवढी शक्यता असते. एका बहिणीला झालं म्हणून दुसरी सुटते असं नसतं."

परतताना खंबाटकी घाट उतरल्यावर अण्णा पुढच्या सीटवरून मागे न वळता म्हणाले, "अनूला कशाला न्यायचं? ती गाडी चालवती. सुईत पहिल्या झटक्याला दोरा ओवती. तिला काय झालंय?"

"मलाही ओवता येतो," मी म्हणाले.

"कोरेगावची मंडळी पुढल्या महिन्यात बघायला येत्यात. दवाखान्याची पायरी चढली हे त्यांच्या कानावर गेलं तर तिचं काय हुईल? ह्यातलं एक अक्षर घराबाहेर जाता कामा न्हाई. आनि अनूलाबी सांगायचं न्हाई. तुझ्या डोळ्याला जंतू झालाय म्हनून सांगू."

आई गप्प राहिली. तिला मी आजही विचारलेलं नाही, की तेव्हा ती का गप्प राहिली.

मुलाखतीचं बोलावणं आलं. अण्णांनी विचारलं, "जायचं का?" मी नाही म्हणाले. ते बाहेर गेले आणि गोठ्यामागं उभे राहून रडले. मला खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. मला रडू येत नव्हतं. मी पलंगावर पडून एक डोळा झाकायची आणि छताच्या तुळईवर नजर लावून ती कुठे संपते ते बघायची. काळं कुठेच दिसायचं नाही. जे गेलं ते काळं होऊन गेलं असतं तर मला केव्हाच कळलं असतं, पण ते गेल्याची जागासुद्धा उरली नव्हती. खरं सांगते, मला देवाचा, अण्णांचा, तात्यांच्या गुळगुळीत तोंडाचा, सगळ्यांचा संताप आला होता, आणि संतापाखाली काहीही नव्हतं. सकाळी उठायचं कशाला, याचं एकही कारण सापडत नसे.

ताई मात्र जंतूवर विश्वास ठेवून माझ्या डोळ्यांत थेंब घालायची. "फुंकर घालू?" विचारायची. ती साड्या निवडत होती. एका संध्याकाळी ती शाळेतून उशिरा आली, गुडघा फुटलेला. "अगं, गाय बसली होती रस्त्यात," ती म्हणाली. "एवढी मोठी गाय आणि मला दिसलीच नाही. धांदरट ती धांदरटच." आई जखम धूत होती. तिनं मान वर केली नाही. अण्णांनी पेपर तोंडासमोर धरला.

त्या रात्री मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईला म्हटलं, "सरांकडे सोडतेस?"

ती एकदम खूश झाली. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा घराबाहेर पडत होते. वाटेभर ती बोलत होती. कोरेगावच्या मुलाचा फोटो तिनं तीनदा पाहिला होता म्हणे, पण आईला एकदाच पाहिला असं सांगितलं होतं. मी तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून दोन्ही बाजूंचा रस्ता बघत होते, तिच्यासाठी.

सरांनी दार उघडलं. मी त्यांना फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. ते आणखी म्हातारे दिसत होते. "या," एवढंच म्हणाले.

"आज तू बस," मी ताईला म्हणाले.

"मी? हूं. केस विस्कटतील."

"मी परत नीट घालून देईन. ताई, एकदा तरी बघ, मी इथे काय करत होते ते. मी तर आता काही येणार नाही."

तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटावं म्हणून तिनं कधी काही केलेलं नाही. "बरं बाई," ती म्हणाली आणि पदर खोचून त्या मोटारीच्या सीटवर बसली. सरांनी फळीवरचा नवा हेडसेट उचलला, परत ठेवला आणि जुना काढून माझ्या हातात दिला. मी तो ताईच्या डोक्यावर बसवला. पट्टा आवळताना तिचे केस अडकले, ते सोडवले.

सरांनी विमान आधीच आभाळात नेऊन ठेवलं होतं. खाली समुद्र, वर स्वच्छ ऊन.

"अगं आई," ताई म्हणाली. मग हळूच, "वृषे, किती मोठं आहे गं हे. तू रोज हे बघत होतीस? आणि आम्हाला सांगितलं पण नाहीस?" तिनं मान वर केली, मागे वळवली, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. तिची मान एक क्षण थांबत नव्हती. सर उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"ताई, जरा मान हलवू नकोस," मी म्हणाले. "एकदम समोर बघ. डोळेही हलवायचे नाहीत."

"का गं?"

"अशीच एक परीक्षा असते. सर सगळ्यांची घेतात."

"बरं. बघितलं समोर."

"आता सांग. कडेला काळं दिसतं का काही? चित्र जिथे संपतं तिथे, दोन्ही बाजूंना?"

ती मन लावून बघत होती. बालवाडीतल्या पोरांना ती जशी शिकवायची, उत्तर द्यायच्या आधी नीट विचार करायचा, तशी. मी मनात म्हणत होते, दिसू दे. एवढी काळी कड दिसू दे तिला. दुसरं काही मागत नाही.

"कुठं काळं?" ती म्हणाली. "नाही गं. इथून तिथपर्यंत सगळं निळंच आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. काही काळं नाही. एकदम स्वच्छ." ती हसत होती. तिनं हात पुढे करून चाचपत माझा हात शोधला आणि धरला. "बरोबर सांगितलं ना? पास ना मी?"

"हो," मी म्हणाले. "पास."